अंबड-सातपूरच्या मालकांनो, कॉलेजच्या पोरांना गेटवरून परत पाठवू नका

आमच्या नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज बारा महिने चालू असतात. एक म्हणजे अर्जंट व्हीएमसी ऑपरेटर पाहिजे, पॅनल वायरमन पाहिजे, टॅली येणारी मुलगी पाहिजे, पगार योग्यतेनुसार. आणि दुसरा म्हणजे कुठल्यातरी कॉलेजचं लेटरहेडवरचं पत्र, की आमच्या विद्यार्थ्यांना आपल्या आस्थापनेत ऑन जॉब ट्रेनिंगची संधी द्यावी ही नम्र विनंती. पहिला मेसेज धडाधड फॉरवर्ड होतो. दुसऱ्याच्या खाली फारफार तर एखादा हात जोडलेला इमोजी येतो आणि विषय संपतो. मला दरवेळी वाटतं की अहो, पहिल्या मेसेजचं उत्तर दुसऱ्या मेसेजमध्येच आहे की, पण ग्रुपवर असं लिहिलं तर लगेच कोणीतरी म्हणणार मॅडम तुम्हाला वेळ आहे आम्हाला नाही, म्हणून इथे लिहितेय, इथे कोणी मधे बोलत नाही.

आमचं अंबडला इलेक्ट्रिकल पॅनल बनवायचं युनिट आहे, एक्सलो पॉइंटच्या आतल्या बाजूला. शॉप नवरा आणि दीर बघतात, बाकी अकाउंट, खरेदी, माणसं, पीएफ-ईएसआयसी आणि आला-गेला सगळं माझ्याकडे. आम्ही बरीच वर्षं कॉलेजची मुलं घेतोय, कधी एक, कधी दोन, एखाद्या वर्षी कुणीच नाही. म्हणजे हे काही मोठ्या कंपनीच्या एचआरचं भाषण नाही. मोठ्या कंपन्यांचं बरं असतं हो, त्यांच्याकडे ट्रेनिंगचा वेगळा माणूस असतो, वेगळी खोली असते, पोरांना टोप्या आणि टी-शर्ट देतात. मी बोलतेय ते तीस-चाळीस माणसांच्या युनिटबद्दल, आणि सीए ऑफिस, पॅकहाउस, हॉटेल, मेडिकल डिस्ट्रिब्युटर, छापखाना अशा सगळ्यांबद्दल ज्यांना वाटतं की हे आपलं काम नाही.

आधी बदललंय काय ते सांगते कारण बऱ्याच जणांना माहीतच नाही. पूर्वी इंटर्नशिप म्हणजे इंजिनिअरिंगवाले, एमबीएवाले, आणि आयटीआयचे अप्रेंटिस, एवढंच. आता २०२०चं नवीन शैक्षणिक धोरण आल्यावर महाराष्ट्रात २०२३-२४पासून पीजीला ते लागू झालं आणि एमए, एमकॉम, एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग नावाचा विषय आला, ४ क्रेडिटचा. ओजेटीच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. पुढच्या वर्षी पदवीचे कोर्सपण त्याच रांगेत आले. आता विचार करा, गंगापूर रोडचं केटीएचएम, कॉलेज रोडची बीवायके आणि एचपीटी-आरवायके, शिवाय पंचवटी, नाशिकरोड, सिन्नर, निफाड, दिंडोरीची कॉलेजं, या सगळ्यांची मुलं साधारण एकाच महिन्यात बाहेर पडतात आणि जागा शोधतात. कॉमर्सची सगळी पोरं सीएंच्या दारात. सीए म्हणतात बसायला खुर्ची नाही. आर्ट्सच्या मुलांना तर कुठे जायचं हेच कळत नाही, एका मुलीने मला फोनवर विचारलं होतं की मॅडम मी मराठी घेऊन एमए करतेय, तुमच्याकडे माझं काही काम असेल का, आणि तिच्या आवाजातच नाही ऐकायची तयारी होती. तिची गोष्ट पुढे सांगते.

मालक लोक नाही का म्हणतात, त्याची कारणं मला पाठ आहेत. वेळ नाही. पंधरा दिवसात काय शिकणार. शिकून दुसरीकडे जातात. कायद्याचं लफडं नको. पोरांना फक्त सर्टिफिकेट पाहिजे असतं. यातलं पहिलं कारण सोडलं तर बाकीच्यांना उत्तरं सोपी आहेत. पहिलं मात्र खरं आहे आणि त्यावर जरा जास्त लिहिते.

वेळ नाही म्हणजे नेमकं काय होतं तर पोरगं सोमवारी सकाळी येतं, आपण म्हणतो बस जरा, सुपरवायझर डिस्पॅचच्या गडबडीत, तो म्हणतो शॉपवर फिर आणि बघ. पोरगं दोन दिवस फिरतं, तिसऱ्या दिवशी मोबाईल काढतं, चौथ्या दिवशी त्याला मोबाईलवर बघून आपण वैतागतो आणि म्हणतो हल्लीच्या मुलांना शिकायचंच नाही. यात त्या पोराचा काय दोष? त्याला काम दिलंच नव्हतं. बघ आणि शीक हे हेल्परला जमतं कारण तो वर्षभर असतो, १२० तास म्हणजे आठ तासांच्या हिशोबाने १५ दिवस, तेवढ्यात नुसतं बघून कोणीही काही शिकत नाही.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, पोरगं घ्यायच्या आधी काम ठरवा. असं काम जे आपल्याला खरंच करून हवंय, जे सहा महिन्यांपासून राहिलंय कारण कोणाला हात लावायला वेळ नाही, ज्याला सुरुवात आणि शेवट आहे, आणि ज्यात चुकलं तरी माल अडकणार नाही की कोणाला इजा होणार नाही. अशी कामं प्रत्येक युनिटमध्ये असतात, शपथेवर सांगते. फक्त ती कोणी लिहून ठेवलेली नसतात.

आमच्याकडचं उदाहरण देते. पॅनल वायरिंग झालं की टेस्टिंगला जातं, तिथे चुका निघतात, कुठे फेरूलचा म्हणजे वायरवरच्या नळीचा नंबर चुकलेला, कुठे वायरच्या टोकाचा लग नीट दाबून बसवलेला नाही, कुठे कंट्रोल वायर भलत्याच टर्मिनलला. वायरमन ती दुरुस्त करतो, पॅनल पुढे जातं, आणि सगळे विसरतात. रोज होतं, कोणी मोजत नाही. डिप्लोमाचा एक मुलगा आला होता सिन्नरकडचा, त्याला एवढंच काम दिलं की टेस्टिंग टेबलापाशी बसायचं, निघालेली प्रत्येक चूक वहीत लिहायची, कोणत्या पॅनलला, कोणती, का झाली ते वायरमनला विचारायचं. पहिले दोन दिवस वायरमन लोक त्याच्याशी बोलेनात, त्यांना वाटलं मालकाने हेर बसवलाय. मग आमचे शॉपवरचे मामा, म्हणजे सगळ्यात जुने सुपरवायझर, त्यांनी मध्ये पडून सांगितलं की बाबांनो नाव लिहायचं नाहीये कोणाचं, कारण लिहायचंय. मग सुरू झालं. शेवटी त्या पोराने एक्सेलमध्ये आकडे काढले तेव्हा दिसलं की आम्ही समजत होतो तसा वायरमनचा निष्काळजीपणा हे मुख्य कारण नव्हतंच, ड्रॉइंग बदललं की नवीन प्रिंट टेबलापर्यंत पोहोचायला उशीर व्हायचा आणि माणूस जुन्या ड्रॉइंगवर काम करत राहायचा. आम्ही रोज त्याच शॉपमध्ये असून आम्हाला दिसलं नाही कारण आम्ही त्यातच बुडालेलो, तो बाहेरचा होता आणि त्याला दुसरं काही काम नव्हतं. आता ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबरचा लाल शिक्का असतो आणि जुनी प्रिंट परत घेतल्याशिवाय नवीन मिळत नाही. कन्सल्टंटला बोलावलं असतं तर त्याने चहापाण्यासकट किती घेतले असते ते तुम्हाला माहितीये.

एमकॉमची एक मुलगी निफाडहून यायची. तिला जीएसटीचं २बी, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, आणि आमचं परचेस रजिस्टर जुळवायला दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सप्लायरने त्याचं रिटर्न भरताना आपलं बिल दाखवलं नाही तर ते आपल्या २बीमध्ये येत नाही आणि आपलं क्रेडिट अडकतं, टॅक्स भरलेला आपण, पण तो वजा मिळत नाही. छोट्या युनिटमध्ये मोठे सप्लायर बघितले जातात, हार्डवेअरवाल्याची, ट्रान्सपोर्टवाल्याची छोटी बिलं कोण बघतंय. तिने बघितली. सोबत आणखी एक यादी केली, सप्लायरपैकी उद्यम या छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत सूक्ष्म आणि लघु कोण आहेत, कारण त्यांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर इन्कमटॅक्सला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देऊ तेव्हाच धरता येतो. ही यादी करा म्हणून आमचे सीए केव्हापासून मागे लागले होते. आणि तिचंही बघा, वर्गात इनपुट टॅक्स क्रेडिटची व्याख्या पाठ केलेली, इथे तिने स्वतः फोन करून सप्लायरला सांगितलं काका तुमचं मार्चचं बिल दिसत नाही आम्हाला. पहिला फोन करताना आवाज कापत होता. शेवटी शेवटी ती आमच्या खरेदीवाल्या दादांपेक्षा चांगली वसुली करायला लागली होती, तेही गोड बोलून.

आता ती मराठीवाली मुलगी. मी तिला सरळ सांगितलं की तुझ्या विषयाचं काम काढते, ये. आमच्याकडे मशीनच्या आणि टेस्टिंगच्या सूचना इंग्रजीत भिंतीवर लावलेल्या, ऑडिटच्या वेळी दाखवायला. वाचत कोणी नाही. तिला सांगितलं या सगळ्या सूचना शॉपवरच्या माणसाला वाचता येतील आणि वाचाव्याशा वाटतील अशा मराठीत लिही, पण डिक्शनरी घेऊन बसायचं नाही, माणसांशी बोलून लिहायच्या, ते जे म्हणतात तेच शब्द, अर्थिंग म्हणत असतील तर अर्थिंगच. ती टेबला-टेबलावर जाऊन बसली. पॉवर बंद केल्यावर आधी काय तपासता, मग काय, हात कुठे ठेवायचा नाही. मामांनी तिला अर्धा तास हाय व्होल्टेज टेस्टवर व्याख्यान दिलं. मामांना इतकं मन लावून आजवर कोणी ऐकलंच नव्हतं बहुतेक. कागद लिहून झाला की तो त्याच माणसाला वाचून दाखवायचा आणि त्याने कपाळाला आठ्या घातल्या की परत लिहायचा, हा नियम तिचा तिने केला. ते कागद आजही लावलेले आहेत आणि नवीन हेल्पर आला की मामा त्याला आधी तिथे उभा करतात. आर्ट्सच्या मुलांना घेऊन काय करणार असं विचारणाऱ्यांना मी हे दाखवते. हॉटेलवाल्यांकडे, वायनरीवाल्यांकडे, द्राक्ष निर्यात करणाऱ्यांकडे तर लिहिण्या-बोलण्याची किती कामं पडलेली असतात, मजुरांना औषध फवारणीच्या सूचना, गिऱ्हाइकांच्या तक्रारींची उत्तरं, गावाकडच्या शेतकऱ्यांशी पत्रव्यवहार. भूगोलवाला असेल तर माल गोळा करायच्या गाड्यांचे रूट त्याला लावायला द्या. मानसशास्त्रवाली असेल तर माणसं काम सोडून का जातात ते तिला विचारून काढू द्या, तुम्हाला जे सांगणार नाहीत ते तिला सांगतील.

काम ठरलं की दुसरी गोष्ट म्हणजे माणूस ठरवा. एकच. ज्याला पोरगं प्रश्न विचारू शकेल. तो मालक नसलेला बरा, आपला फोन सारखा वाजतो. त्या माणसाने दिवसाला किती वेळ द्यायचा तर सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं, आज काय करणार, आज काय केलं. बास. पण ती वीस मिनिटं डिस्पॅच असला तरी द्यायची. आमच्याकडे हे काम मामांनाच देतो आणि त्यांचं नाव कॉलेजच्या फॉर्मवर मार्गदर्शक म्हणून लिहितो, दहावीनंतर शाळा सुटलेल्या माणसाचं नाव एमएस्सीच्या रिपोर्टवर छापून येतं तेव्हा त्यांचा चेहरा बघायला पाहिजे. एका कॉलेजने विचारलं होतं की मार्गदर्शकाचं शिक्षण काय, आम्ही लिहिलं तीस वर्षांचा अनुभव. चाललं.

पंधरा दिवसात काय होणार या प्रश्नावर मामांचंच उत्तर आहे. ते दिंडोरी बाजूचे. म्हणतात, द्राक्षाचं रोप लावलं की पहिल्याच वर्षी कोणी माल मागतो का?

पण पंधरा दिवस सलगच पाहिजेत असं कुठे आहे, हाही मुद्दा आहे, आणि इथे मला एक जुनी गोष्ट फार आवडते. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते, त्यांनी १९०६ साली ही कॉलेज आणि कारखाना जोडायची पद्धत सुरू केली, २७ विद्यार्थी घेऊन. विद्यापीठाच्या ट्रस्टींना खात्री नव्हती, त्यांनी एका वर्षापुरती परवानगी दिली. कारखानदारांची तेव्हाची अडचणपण आपल्यासारखीच असणार, पोरगं आठवडाभर येणार आणि जाणार, मशीन रिकामी राहणार. श्नायडर यांनी जोड्या लावल्या. एका जागेला दोन मुलं, एक आठवडा हा कारखान्यात आणि तो वर्गात, पुढच्या आठवड्यात उलट. कारखान्याला कायम माणूस आणि मुलांना दोन्हीकडचं शिक्षण. पुढे कॅनडात वॉटर्लू विद्यापीठ १९५७ला सुरू झालं तेच या पद्धतीवर, तिथे चार-चार महिन्यांच्या पाळ्या असतात. आपल्याकडे पिलानीच्या बिट्सने १९७३पासून प्रॅक्टिस स्कूल, म्हणजे कंपनीत जाऊन शिकायचा भाग, चालवलंय. म्हणजे प्रयोग कोणी करायचा राहिलेला नाही, फक्त आपल्याकडे कॉलेजं सगळ्या पोरांना एकदम एप्रिल-मेमध्ये सोडतात, जेव्हा आपण मार्च एंडिंगमधून उठून श्वास घेत असतो आणि निम्मे कामगार लग्नांना गावी गेलेले असतात.

जोडीचा प्रकार आम्ही करून बघितला. एकाच कॉलेजच्या दोन मुली, एक सोमवार-बुधवार-शुक्रवार आणि दुसरी मंगळवार-गुरुवार-शनिवार, काम एकच, स्टोअरमधल्या मालाचं कोडिंग. जाताना एकीने वहीत लिहून ठेवायचं, दुसरीने तिथून पुढे घ्यायचं. कॉलेजच्या सरांना आधी पटेना, हजेरी कशी धरायची म्हणे. तासांची शीट देतो म्हटल्यावर पटलं. यातला खरा फायदा आधी लक्षात आला नव्हता, तो म्हणजे दुसरीला समजेल असं लिहून ठेवायची सवय लागली, आणि हे आपल्या शिफ्ट बदलताना आपले जुने लोक आजही करत नाहीत.

शिकून जातात याचं काय, तर जातात. जाऊ देत. सगळ्यांना ठेवायला आपल्याकडे जागा तरी आहे का? पण ज्याला ठेवायचंय त्याला आपण आधी काम करताना बघितलेलं असतं, हे किती मोठं आहे. नाहीतर आपण काय करतो, पंधरा मिनिटं इंटरव्ह्यू घेतो, बायोडाटावर एक्सेल एक्स्पर्ट लिहिलेलं असतं, आणि दोन महिन्यांनी कळतं की त्याला बेरजेचा फॉर्म्युलापण येत नाही. सिन्नरचा तो मुलगा डिप्लोमा झाल्यावर आमच्याकडेच लागला, टेस्टिंगला. निफाडची मुलगी नाही आली, तिला बँकेची परीक्षा द्यायची होती, पण तिच्या मागून तिच्या कॉलेजची दुसरी मुलगी आली ती तिनेच पाठवलेली. आता अकाउंटला माणूस पाहिजे असला तर मी ग्रुपवर मेसेज टाकत नाही.

कायद्याचं थोडक्यात. दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक घोळ घालतात. ओजेटीला आलेला विद्यार्थी हा त्याच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून येतो, कॉलेजचं पत्र घ्यायचं, कालावधी आणि तास लिहून घ्यायचे, आपण त्याला शिकवतोय असं दिसलं पाहिजे. कामगाराच्या जागी उभा करून उत्पादन काढलंत तर तो ट्रेनी आहे हे कुठल्या तोंडाने सांगणार, आणि मग उद्या काही झालं तर तुम्हीच अडकणार. अप्रेंटिस मात्र वेगळा, तो १९६१च्या कायद्याखाली, त्याचा करार सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर नोंदवायचा असतो. ३० किंवा जास्त माणसं असतील, कंत्राटी धरून, तर एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारकच आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. आपल्या ग्रुपातल्या कितीतरी जणांना हे बंधन लागू आहे आणि पत्ताच नाही. अप्रेंटिसला कायदा कामगार धरत नाही, ट्रेनी धरतो, त्यामुळे पीएफ-ईएसआयसी नाही. पण कारखान्यातले सुरक्षेचे सगळे नियम लागू, आणि काम करताना इजा झाली तर भरपाई आपणच द्यायची. कोर्स संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन नाही.

पैशाचं, २०१९च्या नियमांत किमान स्टायपेंड शिक्षणाप्रमाणे महिन्याला ५००० ते ९००० धरला होता, डिप्लोमाला ८०००, पदवीधराला ९०००, आणि २०२५मध्ये तो वाढवायची शिफारस झालीय तेव्हा करार करताना चालू आकडा पोर्टलवर बघून घ्या. यातला वाटा सरकार उचलतं, एनएपीएस या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत २५ टक्के, जास्तीत जास्त १५०० रुपये, आणि पदवी-डिप्लोमावाल्यांच्या एनएटीएस योजनेत किमान स्टायपेंडच्या निम्मे. राज्य सरकारची २०२४ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, लोक जिला लाडका भाऊ म्हणतात ती, तिच्यात बारावीला ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८००० आणि पदवीला १०००० थेट मुलाच्या खात्यात ठरलेले, पण ती शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही, शिकून घरी बसलेल्यांसाठी आहे, आणि खाजगी आस्थापनेत किमान २० माणसं लागतात.

ओजेटीवाल्या मुलांना स्टायपेंड द्यायचं बंधन नाही म्हणून काहीच देत नाहीत बरेच जण. मला हे पटत नाही. फार नको, पण येण्या-जाण्याचं भाडं आणि दुपारचा चहा-नाश्ता तरी द्या. सुरगाण्याचं पोरगं पंचवटीत खोली करून राहतं, सिटीलिंकच्या बसने अंबडपर्यंत येतं, त्याच्या घरी त्या पंधरा दिवसांचा खर्चसुद्धा मोजला जातो. ज्याच्या वडिलांना परवडतं तोच चांगल्या जागी ट्रेनिंग करू शकतो असं व्हायला नको, आणि हिशोबी माणसाच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यात कष्टाळू पोरं आपण बसभाड्यावरून गमावतो.

मुली येणार असतील तर वेगळं टॉयलेट आहे का ते आधी बघा, हसू नका, आपल्या एमआयडीसीत किती गाळ्यांत नाहीये ते मला विचारा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती पाहिजे, आणि त्या कायद्यात ट्रेनी, अप्रेंटिस सगळे येतात. समितीची नावं पहिल्या दिवशी तिला दाखवा. संध्याकाळी सहाच्या पुढे थांबवू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. हे सगळं केलं की कॉलेजं पुढच्या वर्षी आपोआप मुली पाठवतात, आणि माझा अनुभव असा की टेस्टिंग आणि स्टोअरला मुली जास्त नीट काम करतात, दीर मान्य करत नाहीत ती गोष्ट वेगळी.

कॉलेजांनापण थोडं सुनवायचंय. पत्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठवू नका. चार महिने आधी या, कोणी सर प्रत्यक्ष या, शॉप बघा, काम काय देणार ते विचारा. पोराला एकदाही भेटायला न येता शेवटी फॉर्मवर सही-शिक्का मागायला फोन करता, त्यापेक्षा मधे एक चक्कर मारा. आणि ज्या मुलांना खरंच एकाही ठिकाणी जागा मिळत नाही त्यांच्यावर शोधाशोध पूर्ण टाकून देऊ नका, कारण मग काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहितीये. ओळखीचा कोणी मालक गाठायचा, मुलगा येणार नाही फक्त १२० तासांचं सर्टिफिकेट द्या, आणि तो देतो. मला असे फोन येतात. नातेवाईकांचेपण येतात, ते नाही म्हणायला जास्त अवघड. काही एजन्सीवाले उलट पोरांकडूनच पैसे घेऊन घरबसल्या इंटर्नशिप विकतात. त्या खोट्या शिक्क्यामागे आपलाच तोटा आहे राव, कारण तोच बायोडाटा दोन वर्षांनी आपल्या टेबलावर येणार आहे आणि त्यावर एखाद्या ओळखीच्या युनिटचं नाव वाचून आपणच त्याला घेणार आहोत.

सर्टिफिकेटवर काम काय केलं ते एका ओळीत लिहा. समाधानकारकरीत्या पूर्ण केले एवढंच नको. टेस्टिंगमधल्या चुकांची नोंद आणि कारणं काढली, असं लिहिलं की पुढच्या मालकाला काहीतरी कळतं. मूल्यमापनाचा फॉर्म येतो त्यात सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊ नका, वक्तशीरपणात कमी असेल तर कमी द्या आणि त्याला बोलावून का ते सांगा. एका मुलाला मी तसं दिलं तर त्याच्या आईचा फोन आला, मग मी आईलापण सांगितलं.

आमच्याकडे येत्या सीझनसाठी दोन कामं काढून ठेवलीयत. एक, गेल्या तीन वर्षांच्या कोटेशनपैकी ऑर्डर कोणत्या झाल्या, कोणत्या गेल्या आणि का गेल्या ते काढायचं, यात ग्राहकांना फोन करावे लागतील, कॉमर्स किंवा एमबीए चालेल, इकॉनॉमिक्सवालाही चालेल. दुसरं, पॅनलसोबत ग्राहकाला जे मेंटेनन्सचं पुस्तक देतो ते मराठीत आणि हिंदीत करायचं, यासाठी भाषेचा एक आणि इलेक्ट्रिकलचा एक अशी जोडी पाहिजे. कॉलेजच्या सरांनी जानेवारीच्या आत कळवा. सेफ्टी शूज आमच्याकडून, डबा आपापला, बसभाडं दर शनिवारी.